देवराष्ट्रे ते परराष्ट्र : यशवंतराव चव्हाण





आपल्या शाळेत सामान्यज्ञान स्पर्धा चालू होती. परराष्ट्रमंत्री काय काम करतात, असा प्रश्न मी सातवीच्या एका गटाला विचारला. मुलांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. शेवटी एक जण धीटपणे म्हणाला की, ते विमानाने फिरतात. सगळा हॉल हसला, मीही हसले. पण घरी गेल्यावर मनात आले, हाच प्रश्न आपण मोठ्यांना विचारला तर याहून फार वेगळे उत्तर मिळेल का?

माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकांत विदेशमंत्री असा शब्द होता. मराठीत आपण परराष्ट्रमंत्री म्हणतो. शब्द दोन, काम एकच. हे काम व्याख्या पाठ करून समजत नाही, ते एखाद्या माणसाच्या आयुष्यातून चांगले समजते. म्हणून या अंकात मी तुम्हाला यशवंतराव चव्हाण यांच्याविषयी सांगणार आहे. ते भारताचे परराष्ट्रमंत्री होते. आणि आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण ते एके काळी आपल्या सुरतचेही मुख्यमंत्री होते.

परराष्ट्रमंत्री म्हणजे कोण?

समजा, आपल्या सोसायटीत एक घर आहे. शेजाऱ्याशी भिंतीवरून वाद आहे, पलीकडच्या घराशी पाण्यावरून कुरबुर आहे, समोरच्या दुकानदाराशी देणेघेणे आहे. घरातले प्रत्येक माणूस उठून भांडू लागले तर काय होईल? म्हणून घरातर्फे बोलणारे एक माणूस असावे लागते. ते शांतपणे ऐकते, घराचे हित सोडत नाही आणि उद्या पुन्हा बोलता येईल इतपत गोडी राखते. देशाच्या बाबतीत हे काम परराष्ट्रमंत्र्याचे.

हे पद काही नवीन नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधान मंडळात सुमंत नावाचे प्रधान होते. त्यांनाच डबीर असेही म्हणत. परराज्यांशी पत्रव्यवहार करणे, आलेल्या वकिलांचा मान राखणे, दुसऱ्या दरबारात काय चालले आहे याची खबर ठेवणे, ही त्यांची कामे होती.

स्वतंत्र भारतात हे खाते सुरुवातीला पंडित जवाहरलाल नेहरूंनी स्वतःकडे ठेवले. १९४६ च्या हंगामी सरकारपासून २७ मे १९६४ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तेच पंतप्रधान आणि तेच परराष्ट्रमंत्री होते. त्यानंतर काही आठवडे लालबहादूर शास्त्रींनी हे खाते सांभाळले आणि जुलै १९६४ मध्ये सरदार स्वर्णसिंग यांच्या रूपाने देशाला स्वतंत्र परराष्ट्रमंत्री मिळाला. पुढे एम. सी. छागला, स्वतः इंदिरा गांधी, दिनेश सिंग, पुन्हा स्वर्णसिंग आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये यशवंतराव चव्हाण असा क्रम आहे.

मंत्र्यांच्या हाताखाली परराष्ट्र सचिव असतात आणि देशोदेशी आपले राजदूत असतात. राष्ट्रकुलातील देशांत त्यांना उच्चायुक्त म्हणतात. पालकांनो, आपण सुरतच्या पासपोर्ट कार्यालयात रांगेत उभे राहतो तेही याच मंत्रालयाचे कार्यालय. हिऱ्यांच्या किंवा कापडाच्या कामासाठी परदेशी गेलेला आपला माणूस अडचणीत सापडला, तर तो तिथल्या भारतीय दूतावासाचे दार ठोठावतो. म्हणजे हे खाते दिल्लीत असले तरी आपल्या घरापासून फार दूर नाही.

देवराष्ट्र्याचा मुलगा

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. यशवंत अगदी लहान असतानाच वडील बळवंतराव प्लेगने गेले. आई विठाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुलांनी शिकावे हा त्यांचा ध्यास होता. मोठ्या भावाने घराचा भार उचलला आणि यशवंत कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकू लागला.

एकदा शिक्षकांनी वर्गात विचारले की, पुढे कोण होणार? कोणी टिळक होणार म्हणाले, कोणी आणखी एखाद्या थोर पुरुषाचे नाव घेतले. या मुलाने मात्र आपण यशवंतराव चव्हाण होणार असे सांगितले. ऐकणाऱ्यांना तो उद्धटपणा वाटला असेल. मला तो स्वतःवरचा विश्वास वाटतो.

१९३२ साली, शाळेत असतानाच, स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतल्याबद्दल त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. आई तुरुंगात भेटायला आली. मुलाने माफी मागितली तर सुटका होऊ शकेल, असे कोणीतरी सुचवले. त्या माउलीने साफ नकार दिला. माफी मागायची नाही, प्रकृतीला जप, एवढेच तिने मुलाला सांगितले. मुलांनो, हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे त्याची आठवण करण्याची वेळ येणार आहे.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी मॅट्रिक केले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमधून ते बी. ए. झाले आणि पुण्यात कायद्याची पदवी घेतली. जून १९४२ मध्ये फलटणच्या वेणूताईंशी लग्न झाले आणि दोनच महिन्यांत छोडो भारत आंदोलन सुरू झाले. यशवंतराव भूमिगत झाले. लग्नाला वर्षही झाले नव्हते, तोच पोलिसांनी वेणूताईंना अटक केली.

१९४६ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि गृहखात्यात संसदीय सचिव झाले. त्यांचे गृहमंत्री होते मोरारजी देसाई, म्हणजे आपल्या वलसाडजवळच्या भदेलीचे सुपुत्र. हे नावही पुढे पुन्हा येणार आहे.

सुरतचे मुख्यमंत्री

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मोठे द्विभाषिक मुंबई राज्य झाले. कच्छ-सौराष्ट्रापासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंत एकच राज्य, आणि त्यात आपले सुरतही. या राज्याचे मुख्यमंत्री झाले ४३ वर्षांचे यशवंतराव.

ते दिवस फार तापलेले होते. एका बाजूला संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, दुसऱ्या बाजूला इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ. मुंबईत गोळीबार झाला, अहमदाबादेत गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे गेली. पक्षाच्या निर्णयाबरोबर राहिले म्हणून यशवंतरावांना मराठी लोकांचा राग सोसावा लागला. १९५७ च्या निवडणुकीत ते स्वतः कऱ्हाडमधून थोड्या मतांनी निवडून आले.

पण कारभार करताना त्यांनी दोन्ही भाषांच्या लोकांचे म्हणणे ऐकले. हे राज्य कोणालाच मनापासून नको आहे, ही गोष्ट त्यांनी दिल्लीच्या नेत्यांना हळूहळू पटवून दिली. मग वाटणीची बोलणी सुरू झाली. वाटणी म्हटली की सख्खे भाऊही कोर्टात जातात. इथे तर दोन राज्यांची वाटणी होती. नव्या गुजरातला राजधानी उभारण्यासाठी आणि सुरुवातीच्या वर्षांची तूट भरून काढण्यासाठी पैसे देण्याचे ठरले. डांग गुजरातकडे राहिले. उंबरगाव भागातील, तसेच पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा तालुक्यांतील काही गावे तेव्हाच्या सुरत जिल्ह्याला जोडली गेली. महाराष्ट्रात यावरून नाराजी झाली, टीकाही झाली. तरीही १ मे १९६० रोजी दोन्ही राज्ये जन्माला आली, ती लोकांच्या आनंदात.

आपण सुरतचे मराठी लोक दरवर्षी १ मे रोजी महाराष्ट्र दिन आणि गुजरात दिन दोन्ही साजरे करतो. शेजाऱ्याशी बोलून वाटणी कशी करावी, याचा हा धडा आपल्या अंगणातच घडलेला आहे. माझ्या मते यशवंतरावांचे परराष्ट्र धोरणाचे खरे शिक्षण इथेच झाले.

दिल्लीची वाट

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. आपल्या सैन्याला माघार घ्यावी लागली आणि देश हादरला. नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी म्हटले गेले. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी चीनने युद्ध थांबवले होते. म्हणजे पुढचे काम होते ते खचलेल्या सैन्याला पुन्हा उभे करण्याचे. १९६३ साली ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

१९६५ च्या पाकिस्तान युद्धात ते संरक्षणमंत्री होते. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला समझोता झाला, तेव्हा ते पंतप्रधान शास्त्रींच्या बरोबर होते. समझोत्यावर सही झाली आणि त्याच रात्री शास्त्रीजींचे निधन झाले. युद्ध जिंकणे कठीण, पण युद्धानंतर शत्रूबरोबर टेबलावर बसणेही किती कठीण, हे यशवंतरावांनी तिथे जवळून पाहिले. त्यानंतर ते गृहमंत्री झाले, १९७० साली अर्थमंत्री झाले आणि १० ऑक्टोबर १९७४ रोजी परराष्ट्रमंत्री.

दमणचा कागद

आता आपल्या शेजारची गोष्ट. सुरतहून रेल्वेने वापीला उतरले की दमण जवळच आहे. अनेक पालक मुलांना घेऊन तिथे फिरायला जातात. किल्ला पाहतात, चर्च पाहतात. हे दमण १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होते. तेव्हा वलसाड सुरत जिल्ह्यातच असल्यामुळे आपल्या जिल्ह्याची हद्द परक्या देशाला लागून होती!

दादरा आणि नगरहवेली १९५४ साली स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्यांत गोमंतकीय, गुजराती आणि मराठी तरुण होते, संगीतकार सुधीर फडकेही होते. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारतातून सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असा निकाल १९६० साली लागला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा, दमण आणि दीव मुक्त केले. तिरंगा फडकला. पण पोर्तुगालच्या सरकारने हे मान्य केले नाही. त्यांच्या लेखी हे प्रदेश त्यांचेच होते. पुढची तेरा वर्षे हा वाद कागदावर जिवंत राहिला.

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली. नवे सरकार आले आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस दिल्लीला आले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. दोन्ही देशांचे तुटलेले संबंध पुन्हा जोडण्याचे ठरले. भारतातर्फे करारावर सही होती यशवंतराव चव्हाण यांची.

कोणी विचारेल, जमीन तर आपल्याकडेच होती, मग सहीचे काय महत्त्व? शेतीची जमीन कसत असलो तरी सातबारा आपल्या नावावर नसेल तर झोप लागते का? सैनिकाने मिळवलेले कागदावर पक्के करणे, हे परराष्ट्रमंत्र्याचे काम. आणि ते करताना समोरच्याला हरल्याची लाज वाटू न देता त्याला मित्र म्हणून घरी पाठवणे, हे त्याचे कौशल्य.

दार उघडे ठेवणारा मंत्री

परराष्ट्रमंत्रिपदाच्या अडीच वर्षांत आणखीही महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. १९७१ च्या युद्धापासून अमेरिकेशी आपले संबंध बिघडले होते. ऑक्टोबर १९७४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर दिल्लीला आले आणि दोन्ही देशांचा संयुक्त आयोग स्थापन करण्याचा करार झाला. पण फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला शस्त्रे विकण्यावरची बंदी उठवली. यशवंतरावांनी निषेध म्हणून आपला ठरलेला अमेरिका दौरा रद्द केला. मात्र बोलणे कायमचे तोडले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते आयोगाच्या बैठकीसाठी वॉशिंग्टनला गेले. राग दाखवायचा, पण दाराला कुलूप लावायचे नाही.

चीनची गोष्ट तर मला विशेष वाटते. सीमेवरच्या वादानंतर आणि युद्धानंतर भारताचा राजदूत चीनमध्ये नव्हता आणि चीनचा भारतात नव्हता. ही स्थिती सुमारे पंधरा वर्षे होती. एप्रिल १९७६ मध्ये परराष्ट्रमंत्री चव्हाण यांनी संसदेत जाहीर केले की, भारत पुन्हा चीनमध्ये राजदूत पाठवणार आहे. पाठवले ते के. आर. नारायणन यांना, जे पुढे १९९७ साली राष्ट्रपती झाले. जो माणूस चीनशी झालेल्या युद्धामुळे मुंबई सोडून दिल्लीला गेला, त्याच माणसाने चौदा वर्षांनी चीनशी बोलण्याचे दार उघडल्याची बातमी देशाला दिली. सीमेचा वाद तेव्हा सुटला नाही, तो त्यानंतरही सुटलेला नाही. पण वाद सोडवायचा असेल तर बोलणारे माणूस तिथे असावे लागते. त्याच वर्षी जुलैमध्ये पाकिस्तानशीही राजदूतांच्या पातळीवरचे संबंध पुन्हा सुरू झाले आणि अमृतसर-लाहोर रेल्वे सुरू झाली. ती समझौता एक्सप्रेस २०१९ साली बंद पडली.

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, त्या काळात परराष्ट्र धोरणाचे मोठे निर्णय पंतप्रधान इंदिरा गांधीच घेत. यशवंतराव एकट्याच्या जोरावर हे करत होते, असे नाही. चर्चा धीराने पुढे नेणे आणि देशाचा शब्द नीट मांडणे हा त्यांचा वाटा होता.

परदेशी गेले की ते वेणूताईंना पत्रे लिहीत. कुठे गेलो, काय पाहिले, कोण माणसे भेटली, हे सारे त्यात असे. त्यांच्या निधनानंतर ती पत्रे ‘विदेश दर्शन’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली.

एक कठीण प्रश्न

थोर माणसांविषयी लिहिताना आपण फक्त चांगले लिहितो. मुलांना वाटते की ही माणसे कधी चुकतच नसत, आणि मग ती आपल्यापासून फार दूर जातात. म्हणून पुढचा भाग मी गाळणार नाही.

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी लागू झाली. वर्तमानपत्रांवर बंधने आली. जयप्रकाश नारायण तुरुंगात गेले. मोरारजी देसाईही तुरुंगात गेले, ज्यांच्या हाताखाली यशवंतरावांनी सरकारी कामाचे पहिले धडे घेतले होते. यशवंतराव मात्र मंत्रिमंडळात राहिले. त्यांनी उघड विरोध केला नाही, राजीनामा दिला नाही. जगभरातून टीका होत असताना परराष्ट्रमंत्री म्हणून सरकारची बाजू मांडण्याचे काम त्यांच्याकडे आले.

ज्या आईने माफी मागायला नकार दिला, तिचा हा मुलगा. त्या वेळी त्यांच्या मनात काय चालले असेल? पक्ष फुटू नये, आत राहून काही सांभाळता यावे, असे वाटले असेल का? त्यांचे चाहते असे म्हणतात. टीकाकार म्हणतात की, ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांनीच तेव्हा बोलायला हवे होते. शिक्षिका म्हणून मला टीकाकारांचे म्हणणे पटते. जोडून ठेवणे हा मोठा गुण आहे, पण अन्यायाच्या वेळी गप्प राहणे हा त्याच गुणाचा दोष होऊ शकतो. असे वाटूनही यशवंतरावांविषयीचा माझा आदर कमी होत नाही. तुम्ही घरी आईवडिलांशी यावर जरूर चर्चा करा. तुमचे मत माझ्यापेक्षा वेगळे असले तरी चालेल.

मार्च १९७७ मध्ये जनतेने सरकार बदलले. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले, अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले आणि यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. सरकार बदलले, पण चीन आणि पाकिस्तानशी सुरू झालेले बोलणे नव्या सरकारनेही चालू ठेवले.

प्रीतिसंगम

१९७९ साली ते काही महिने उपपंतप्रधान होते. त्यानंतरचा काळ एकटेपणाचा गेला. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि ते मनाने खचले. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राचा पहिला भाग तेवढा पूर्ण झाला. परराष्ट्रमंत्रिपदाच्या दिवसांविषयी त्यांच्याकडून पुढच्या भागांत वाचायला मिळाले असते, ते राहूनच गेले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. दोन बाजूंनी आलेली पाणी एक होण्याची ती जागा या माणसाला शोभून दिसते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपण सुरतमध्ये राहतो. घरात मराठी बोलतो, बाजारात गुजराती बोलतो, परीक्षेला हिंदी-इंग्रजी लिहितो. आपल्या वागण्यावरून शेजारी मराठी माणसाची पारख करतो. म्हणजे तुमच्यातला प्रत्येक जण एक छोटा राजदूतच आहे. वर्गात भांडण झाले तर अबोला लांबवू नका. आपली बाजू सोडू नका, पण बोलण्याचे दारही बंद करू नका. आणि कोणावर अन्याय होताना दिसला तर गप्प राहू नका.

सुट्टीत दमणला गेलात तर किल्ल्याच्या भिंतीपाशी उभे राहून ३१ डिसेंबर १९७४ ची आठवण करा. गावी जाताना कऱ्हाड वाटेत लागले तर प्रीतिसंगमावर दोन मिनिटे थांबा. आणि पुढच्या सामान्यज्ञान स्पर्धेत परराष्ट्रमंत्री काय काम करतात, हा प्रश्न मी पुन्हा विचारणार आहे. तयारी करून या!

सर्वांना शुभेच्छांसह,

आपली,
मुख्याध्यापिका